रव्याच्या लाडवांचा गुरुवार

त्या शाळेच्या स्वयंपाकघराची मला पहिल्या दिवसापासूनच भीती वाटायची. तसं तिथे घाबरण्यासारखं काही नव्हतं. चार विजेच्या शेगड्या, मुलांच्या उंचीचे ओटे आणि खिडकीतून दिसणारं फुटबॉलचं मैदान. पण दर गुरुवारी अडीच वाजता आठ मुलं ॲप्रन घालून माझ्याकडे बघत उभी राहायची आणि पुढचा तास-सव्वा तास मला त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलावं लागायचं. सकाळी आंघोळ करताना मी वाक्यं पाठ करायचे. ‘आता कांदा बारीक चिरा.’ ‘सुरीचं टोक खाली धरा.’ ‘शेगडीजवळ कोणी पळायचं नाही.’

आम्ही जर्मनीत, झिंडेलफिंगेनला येऊन चार वर्षं झाली होती. नवऱ्याला इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली, म्हणून आलो. मी त्याआधी चाकणला सात वर्षं सुटे भाग तपासायचं काम करत होते. इथे आल्यावर भाषा जमली की बघू, असं म्हणता म्हणता घरीच राहिले. मुलगी तिसरीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

तिची शाळा सरकारी आणि दिवसभराची. जेवणानंतर अभ्यास, आणि अडीचपासून आपल्या आवडीचा एकेक वर्ग. त्यांना सगळे ‘आ-गे’ म्हणतात. फुटबॉलची आ-गे, मातीकामाची आ-गे, सर्कसची आ-गे. शिकवायला माणसं कमी पडतात, म्हणून शाळा पालकांनाही विचारते. पालकसभेनंतर या वर्गांचं वेळापत्रक सांभाळणारी बाई माझ्याजवळ आली आणि भारतीय स्वयंपाकाबद्दल काहीतरी भराभर बोलली. मला अर्धंच कळलं. मी ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’ म्हटलं. घरी आल्यावर मुलीने सांगितलं, ‘तू आता आमची टीचर होणारेस,’ आणि कपाळाला हात लावला.

त्या बाईने मला मुलांची यादी दिली होती. नावापुढे कोणाला काय चालत नाही ते लिहिलेलं. एकाला मासे, एकीला स्ट्रॉबेरी, आणि तिघं डुकराचं मांस खात नव्हते. मी चाकणच्या सवयीने ती यादी दोनदा तपासली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि दर गुरुवारी बरोबर नेऊ लागले. कोशिंबीर झाली, बटाट्याची भाजी झाली, पोळ्यांचे चित्रविचित्र आकार झाले. माझी मुलगीही त्या आठांत होती. मुलं चांगली होती. माझं व्याकरण चुकलं की हसायची, पण टिंगल करत नसत. मी मात्र दर बुधवारी संध्याकाळपासूनच अस्वस्थ असायचे.

सातव्या गुरुवारी रव्याचे लाडू करायचं ठरवलं होतं. तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. रवा भाजायला वेळ लागतो, म्हणून तो घरीच भाजून न्यायचं ठरलं.

‘थोडी काजूची पूड घाल ग,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोरांना आवडेल. लाडू वळतातही चांगले.’

मी काजू मिक्सरमधून काढले, भाजलेल्या रव्यात मिसळले आणि डबा भरला. मुलगी तेव्हा शाळेत होती.

फेब्रुवारी महिना होता. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. मी ओट्यावर पातेली मांडत होते, तेवढ्यात वेळापत्रकवाली बाई दोन जास्तीची मुलं घेऊन दारात आली. फुटबॉलचे शिक्षक आजारी होते, त्यामुळे त्यांची मुलं बाकीच्या वर्गांत वाटून दिली होती.

‘तर, आज तुमच्याकडे दोन जास्त. चालेल ना?’ असं म्हणून ती गेलीसुद्धा. तिला अजून चार ठिकाणी मुलं पोहोचवायची होती.

दोघांची नावं माझ्या यादीत नव्हती. एक मुलगा आणि एक मुलगी. ती मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गातली, दोन वेण्या घातलेली. मी दोघांना विचारलं, ‘कसली ॲलर्जी आहे का?’

‘मांजराची,’ मुलगा म्हणाला. सगळे हसले. त्या मुलीने मान हलवून नाही म्हटलं. माझी मुलगी तेव्हा त्या दोघांसाठी ॲप्रन आणायला गेली होती.

मग मी लाडवात काय काय आहे ते सांगितलं. हे शब्द मी सकाळी नीट पाठ केले होते. रवा, साखर, तूप, वेलदोडे. तुपाला मी लोणीच म्हटलं. रव्याची खीर इथल्या मुलांना ओळखीची असते, त्यामुळे सगळे खूश झाले. काजू मी म्हटलंच नाही. मी लपवलं नव्हतं. तो शब्द माझ्या पाठ केलेल्या ओळीत नव्हता, एवढंच. काजू घरीच डब्यात गेले होते आणि माझ्या डोक्यातही ते आता रवाच झाले होते.

मुलांनी लाडू वळले. काही लाडवांचे चेंडू झाले, काहींची वडी झाली. सव्वातीनला सगळे खायला बसले.

पाचेक मिनिटांनी ती मुलगी ओठ चोळू लागली. मला वाटलं, साखर लागली असेल. मग ती मान खाजवू लागली. वेणीखाली लाल चट्टे दिसले, नखाएवढे, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते एकमेकांना मिळत गेले. ती खोकली. पोटात कसंतरी होतंय म्हणाली. तिचा आवाज बसला होता. मघाशी तो तसा नव्हता.

माझी मुलगी हातातला लाडू खाली ठेवून तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने जर्मनमध्येच विचारलं, ‘आई, यात काजू आहेत?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘तिला काजू चालत नाहीत! आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे!’

मला आजही ती खोली तशीच दिसते. नऊ मुलं गप्प आणि दहावी श्वास घ्यायला धडपडतेय. मी ओटा धरून उभी होते.

‘तिचं औषध कुठे असतं?’ मी विचारलं. मराठीत विचारलं.

‘दप्तरात. पिवळी पिशवी.’

‘पळ.’

माझी मुलगी पळाली. दप्तरं खालच्या मजल्यावर, व्यायामशाळेबाहेर ठेवलेली असतात. मी रुग्णवाहिकेसाठी एकशे बारा नंबर लावला. एका पुरुषाने फोन घेतला आणि शांतपणे विचारलं, कुठून बोलताय? शाळेचं नाव आणि रस्ता मला सांगता आला. त्यानंतर मात्र चार वर्षांत शिकलेलं सगळं जर्मन गेलं. ‘मूल,’ मी म्हणाले. ‘ॲलर्जी. काजू. हवा नाही. हवा नाही.’

‘गाडी निघाली आहे,’ तो म्हणाला. ‘फोन ठेवू नका. मी एकेक गोष्ट विचारतो. ती शुद्धीवर आहे?’

‘हो.’

‘तिला बसवा. भिंतीला टेकवा. तिच्याकडे इंजेक्शनचा पेन आहे?’

तेवढ्यात मुलगी पिशवी घेऊन धापा टाकत आली. आत दोन बाटल्या होत्या आणि एक जाड पेनसारखी नळी, तिच्यावर चित्रं काढलेली. मी ती उलटसुलट करून बघितली, पण चित्रांचा अर्थ लागेना. मी त्या माणसाला म्हणाले, ‘मी डॉक्टर नाही. मला येत नाही.’

‘डॉक्टर असायची गरज नाही,’ तो म्हणाला. ‘टोपण काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबा, कपड्यावरूनच.’

मला अजून एक वाटलं, तेही सांगते. मला वाटलं, हे आपण करूच नये. गाडी येतेच आहे. त्यांना करू दे. माझ्या हातून लाडू गेला, आता सुईही माझ्याच हातून गेली आणि काही झालं तर? असं वाटण्यात किती सेकंद गेले कोण जाणे. त्या मुलीच्या ओठांचा रंग बघितला आणि टोपण काढलं.

ती जर्मनमध्ये ‘नको, नको’ म्हणत पाय ओढून घेत होती. मी तिचा पाय माझ्या गुडघ्यांमध्ये धरला आणि नळी दाबली. कट्ट असा आवाज झाला. ‘दहापर्यंत मोजा, काढू नका,’ तो माणूस म्हणाला आणि स्वतःच जर्मनमध्ये मोजू लागला. मी मराठीत मोजत होते, मोठ्याने. आमचे आकडे जुळत नव्हते. मी आठवर होते तेव्हा त्याचे दहा झाले.

मग काय काय झालं ते मला तुटक आठवतं. आवाज ऐकून वेळापत्रकवाली बाई धावत आली आणि तिने बाकीच्या मुलांना बाहेर नेलं. त्या मुलीला उलटी झाली, माझ्या मांडीवरच. मग तिचा श्वास थोडा मोकळा झाल्यासारखा वाटला, पण मला खरं कळत नव्हतं. मी फक्त तिच्या छातीकडे बघत होते. ती माझा हात सोडत नव्हती. रुग्णवाहिकेचे लोक आले, डॉक्टर आली, त्यांनी मला बाजूला केलं. काय खाल्लं, किती खाल्लं, पेन किती वाजता दिला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली. अर्धा लाडू. काजू. वेळ मला सांगता आली नाही. फोनवर बघा, त्यांच्यातला एकजण म्हणाला. तेही मला सुचलं नव्हतं.

ते तिला घेऊन गेल्यावर मी भांडी घासली. कोणी सांगितलं नव्हतं. उरलेले लाडू पिशवीत भरले, गाठ मारली, परत दुसऱ्या पिशवीत घातले. साबणाने ओटे पुसले, तीनदा.

घरी जाताना मुलगी माझ्या चार पावलं पुढे चालत होती. मग रस्त्यातच थांबली आणि ओरडली, ‘तू काजू का नाही सांगितलंस? मी तिला सांगितलं असतं! का नाही सांगितलंस?’ ती रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात झटकला.

संध्याकाळी वेळापत्रकवाल्या बाईचा मेसेज आला. मुलगी ठीक आहे, दवाखान्यात आहे, उद्यापर्यंत लक्ष ठेवतील. सोमवारी तीन वाजता मुख्याध्यापिकेने मला बोलावलंय, त्या मुलीची आईही असेल. मी पहिलं वाक्य परत परत वाचलं, दुसरं एकदाच.

परक्या देशात भीती एकटी येत नाही. मला वाटलं, पोलीस येतील. मुलांच्या संरक्षणाचं सरकारी खातं येईल, ज्याच्याबद्दल आमच्या मराठी ग्रुपमधल्या बायका हळू आवाजात बोलतात. आमच्या मुलीबद्दल चौकशी होईल. नवऱ्याचा व्हिसा, नोकरी, घर. शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पार्सलवाला होता.

नवरा शांत होता, किंवा तसं दाखवत होता. ‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘त्या बाईने जास्तीची मुलं पाठवली, यादी दिली नाही. तू ॲलर्जी विचारलीस, मुलगी नाही म्हणाली. ह्यात तुझी काय चूक? जेवढं विचारतील तेवढंच सांग.’

‘पण मी काजू सांगितले नाहीत.’

‘ते कोणी विचारलंय का?’

तो वाईट माणूस नाही. तोही घाबरला होता.

शनिवारी मी सासूबाईंबरोबर मेथी निवडत बसले होते. त्या मेथीकडे न बघता म्हणाल्या, ‘काजू मीच घालायला सांगितले.’

‘आई, वाटले मी. नेले मी.’

त्यांनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं होतं. ‘मला शाळेत रोज भीती वाटायची,’ त्या म्हणाल्या. ‘कोणाला सांगितलं नाही कधी. सहलीला गेलो की चार-चारदा पोरं मोजायचे. एकदा एक पोर कमी भरलं. धरणावर गेलो होतो. अर्ध्या तासाने सापडलं, बसच्या मागच्या सीटवर झोपलेलं. मी मोजताना खाली वाकून बघितलं नव्हतं. त्याच्या बापाला मी खोटं सांगितलं, की कुठे गेलाच नव्हता, सगळं ठीक होतं.’ त्यांनी मेथीची एक जुडी सोडली. ‘ते पोर सुखरूप होतं. पण तो माणूस रस्त्यात भेटला की मी दुकानात शिरायचे. निवृत्त होईपर्यंत.’

‘अहो आई, मग मी सांगू?’

‘मी काय सांगणार? तुझी भाषा नाही, तुझा देश नाही. मला वाटतं ते सांगितलं.’

सोमवारी मुख्याध्यापिकेच्या खोलीत चार खुर्च्या गोल मांडल्या होत्या. त्या मुलीची आई आधीच येऊन बसली होती. दवाखान्याचा कागद तिच्या मांडीवर. उंच, डोळ्यांखाली काळं. तिने माझ्याशी हात मिळवला, पण हसली नाही.

मुख्याध्यापिका सावकाश बोलत होत्या, माझ्यासाठी. त्या म्हणाल्या, चूक शाळेची आहे. मुलीची माहिती कार्यालयात होती, ती तिच्याबरोबर स्वयंपाकघरात जायला हवी होती. वेळापत्रकवाली बाई खाली बघत होती. मग त्या म्हणाल्या, मुलीने घरी स्वतःच कबूल केलंय की तिला ॲलर्जीबद्दल विचारलं होतं आणि ती मुद्दाम नाही म्हणाली.

‘का?’ मी विचारलं.

तिची आई माझ्याकडे न बघता बोलली. ‘प्रत्येक वाढदिवसाला तिला घरून वेगळी पुडी नेऊन खावी लागते. सगळे केक खातात, ती बिस्किटं खाते. ती म्हणाली, तिला वाटलं की खरं सांगितलं तर तुम्ही तिला बाजूला बसवाल.’

‘तेव्हा,’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘तुमच्या बाजूने जे करायचं ते तुम्ही केलं होतं. तुम्ही विचारलं होतं.’

इथे मला गप्प बसता आलं असतं. सगळे माझ्यासाठी दार उघडून उभे होते. मी वाक्य मनात दोनदा जुळवलं आणि तरी ते मोडूनच बाहेर आलं.

‘अगदी तसं नाही,’ मी म्हणाले. ‘मी विचारलं. पण लाडवात काय आहे ते मी सांगितलं, तेव्हा काजू सांगितले नाहीत. मी विसरले. मी सांगितलं असतं तर माझ्या मुलीला कळलं असतं. तिने तिला खाऊ दिलं नसतं.’

बाहेर मैदानावर शिट्टी वाजत होती. मला वाटलं, आता ती उठेल, आता ती वकिलाचं नाव घेईल.

ती बराच वेळ कागदाची घडी घालत बसली. मग म्हणाली, ‘मी तुमच्यावर रागावले आहे. अजून काही दिवस रागावलेली असेन. आणि डॉक्टर म्हणाली, पेन वेळेवर दिला नसता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. म्हणून मी तुमची आभारीही आहे. दोन्ही खरं आहे.’ ती उठली, कोट घातला. दारात वळून म्हणाली, ‘ती तुमच्याबद्दल विचारते. तुमचा हात तिने सोडला नाही, असं मला सांगितलं तिने.’

पोलीस आले नाहीत. कुठलं खातंही आलं नाही. एका मुलाच्या घरच्यांनी त्याला माझ्या वर्गातून काढून बुद्धिबळात घातलं. मी ईस्टरच्या सुट्टीपर्यंत वर्ग घेतला नाही. शाळेने नियम केला की शिक्षक आजारी असेल तर त्याची मुलं स्वयंपाकघरात पाठवायची नाहीत. दारावर एक फळा लावला, त्यावर त्या दिवशीचं सगळं साहित्य लिहायचं, पाण्यापासून मिठापर्यंत.

सुट्टीनंतर परत जायचं की नाही, यावर घरात कोणी मला काही म्हणालं नाही. मी गेले. धाडस म्हणून नाही. मी गेले नाही तर मुलगी शाळेत काय सांगेल, याची मला जास्त भीती वाटली. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू दोनदा तुटला.

तिसऱ्या गुरुवारी ती मुलगी आईबरोबर दारात उभी होती. आईने शाळेला पत्र दिलं होतं, या सहामाहीत तिला फुटबॉलऐवजी इथे यायचं होतं. आईने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग आत येऊन पिठाची पाकिटं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तेलाची बाटली वाचली, हळदीची पुडी वाचली. मी बाजूला उभी होते. शेवटी ती ‘ठीक आहे’ म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी आम्ही थालीपीठं केली. ती मुलगी माझ्या मुलीशेजारी उभी राहून पीठ थापत होती आणि दोघी कशावरून तरी भांडत होत्या. तिने दीड थालीपीठ खाल्लं. मी काहीच खाल्लं नाही. ती पाणी प्यायली की मी बघायचे, तिने नाक खाजवलं की बघायचे. पावणेचारला ती हात धुऊन, कोट घालून, बाकीच्यांबरोबर धावत बाहेर गेली. मी मुलांच्या त्या बुटक्या स्टुलावर बसले. पाठीवरचा शर्ट ओला झाला होता. ओटा अजून पुसायचा होता, पण शाळेचा रखवालदार खोली बंद करायला येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.